तीमथ्याची आजी

उपकार दोन प्रकारचे असतात. टंचाईच्या दिवसांत कोणी आपणांस पायलीभर ज्वारी दिली, अथवा दुखण्यात रात्रभर उशाशी बसून काढली, तर तो उपकार आपल्या ध्यानात राहतो व संधी मिळताच आपण तो फेडू पाहतो. परंतु ज्याने आपल्या हातात काहीच ठेवले नाही, जो केवळ आपल्या डोळ्यांदेखत नीट वागला, त्याचे आपल्यावर काही ऋण आहे काय? हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती माणसाने आपल्या मनास विचारण्याजोगा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या विश्वासाचे मूळ एखाद्या मोठ्या व्याख्यानात नसून, लहानपणी पाहिलेल्या एखाद्या साध्या माणसाच्या वागणुकीत असते.

कोणी म्हणेल, "त्याने आपले कर्तव्य केले, त्यात आमच्यावर उपकार तो कोणता?" समजा, एखादी विधवा बाजारात भाजी विकताना तराजूची दांडी कधी दाबीत नाही. ती देवाचे भय बाळगते म्हणून असे करते. शेजारचे पोर जवळ उभे राहून पाहात आहे, हे तिच्या गावीही नसते. परंतु त्या पोराला खरेपणा म्हणजे काय हे त्या दिवशी कळते. तिने ते त्याच्यासाठी केले नाही, म्हणून त्या देण्याची किंमत कमी होत नाही. उलट ती वाढते. दाखविण्याकरिता केलेले चांगुलपण मुले तेव्हाच ओळखतात. कोणी पाहात नाही अशा समजुतीने केलेले चांगुलपण मात्र त्यांच्या मनात खोल रुजते.

दुसरे कोणी म्हणतील, "सर्व चांगुलपण देवापासून आहे, मग माणसांचे आभार मानून त्याच्या गौरवात उणेपणा का आणावा?" ही शंका भक्तीची आहे, परंतु तिचे उत्तर प्रेषित पौलाने देऊन ठेविले आहे. बंदिवासातून तीमथ्यास दुसरे पत्र लिहिताना आरंभीच तो देवाचे उपकार मानतो. आणि उपकार मानता मानता तीमथ्याची आजी लोईस व आई युनीके या दोघींची नावे घेऊन, त्यांच्या ठायी आधी वसत असलेल्या विश्वासाची आठवण करितो (2 तीमथ्य 1:3-5). देवाचे उपकार मानणे व आजीचे नाव घेणे यांत पौलाला विरोध दिसला नाही. ज्या ओंजळीतून आपण पाणी प्यालो, ती ओंजळ विसरल्याने झऱ्याचा मान वाढत नाही.

या घराची हकीकत आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांशी जुळणारी आहे. तीमथ्याची आई विश्वास ठेवणारी यहूदी स्त्री होती. बाप हेल्लेणी होता, आणि त्याच्या विश्वासाविषयी शास्त्रात एक शब्दही नाही (प्रेषितांची कृत्ये 16:1). म्हणजे घरचा कर्ता पुरुष बरोबर असो वा नसो, दोन बायकांनी त्या मुलास बालपणापासून पवित्र शास्त्राची ओळख करून दिली. लोईसने कोणती मंडळी स्थापिली, कोणते भाषण केले, याची कोठेच नोंद नाही. तिचे नाव सबंध शास्त्रात एकदाच येते, आणि तेही नातवामुळे. पुढे पौल भेटला. लुस्त्रात लोकांनी त्याला दगडमार करून, मेला असे समजून नगराबाहेर ओढून टाकिले होते. तरी तो उठून पुन्हा त्याच नगरात गेला. त्याच गावाशी संबंध असलेल्या त्या तरुणास या गोष्टी चांगल्या ठाऊक होत्या, असे पौल स्वतःच लिहितो (2 तीमथ्य 3:10-11). घरात आजी व आई आणि घराबाहेर पौल, अशी तीन माणसे त्याच्यापुढे होती.

येथे आपल्यांतील अनेकांच्या मनातील एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. ज्यांचे आईबाप ख्रिस्ती नव्हते, त्यांनी काय करावे? पंडिता रमाबाईंकडे पाहा. त्यांची आई लक्ष्मीबाई डोंगरे हिने आपल्या लेकीस संस्कृत शिकविले. ती अखेरपर्यंत हिंदू धर्मातच राहिली. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला. त्यानंतर चार वर्षांनी, 1887 साली, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी याच आईच्या स्मृतीस अर्पण केले. ख्रिस्ताला अनुसरल्याने आईचे उपकार पुसले जातात, असे त्यांनी मानिले नाही. आपणही मानू नये. ज्या आजीने आपणांस उपाशी माणसाला दारातून परत पाठवू नये हे शिकविले, तिच्यासाठी देवाचे उपकार मानण्यास लाजण्याचे कारण नाही.

मग हे ऋण फेडावे कसे? ज्यांचे ते आहे, ती माणसे बहुधा मातीआड गेलेली असतात. जिवंत असली तरी त्यांना आपल्याकडून काही नको असते. रमाबाईंनी ते कसे फेडिले? 1896-97 च्या दुष्काळातील निराधार मुलींना त्यांनी केडगावी आणिले, आणि एका आईने एका मुलीला जे दिले होते, ते शेकडो मुलींपर्यंत पोहोचविले. हे ऋण मागे फिटत नाही. ते पुढेच फेडावे लागते.

शाळेत मूल कित्ता गिरविते. कित्ता कोणता मिळावा हे त्याच्या हाती नसते. गुरुजी जो घालून देतील, तोच ते गिरविते. गावातील ख्रिस्ती मुलांपुढे आपणच तो कित्ता आहोत. पाराजवळून शिवीगाळ करीत जाणारा वडीलही कित्ताच, आणि भांडण मिटवून भावाच्या घरी जेवावयास जाणारा वडीलही कित्ताच. आपल्यापुढील कित्त्यांत एखादे अक्षर वाकडे असेल. म्हणून नीट अक्षरांबद्दलचे आभार खोटे ठरत नाहीत, कारण निर्दोष कित्ता एक प्रभू येशूच आहे. वाकडे अक्षर सोडून द्यावे व नीट अक्षर गिरवावे.

तरी, बंधुभगिनींनो, येत्या रविवारी उपासनेस बसण्यापूर्वी आपल्या लहानपणीच्या अशा एका माणसाचे नाव देवापुढे घ्या. तो जिवंत असेल, तर त्याच्या घरी जा व त्याला तसे सांगा. म्हाताऱ्या माणसास हे ऐकणे पोटभर जेवणाहून गोड लागते. आणि वाटेत एखादे मूल तुमच्याकडे पाहात असेल, हे विसरू नका.