गल्ला कुठं ठेवलाय?

१९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात, ॲन्डी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या बारमध्ये एक नवीन मशीन आणून ठेवलं होतं. पडद्यावर दोन उभ्या दांड्या आणि त्यांच्यामध्ये टप्पे खात फिरणारा एक ठिपका. खेळ एवढाच, नाव पाँग. थोड्याच दिवसांत बारवाल्यानं कळवलं, मशीन बंद पडलंय. अटारी कंपनीचा इंजिनिअर ॲल अल्कॉर्न यानंच ते बनवलं होतं, तोच दुरुस्तीला गेला. उघडून बघतो तर आतल्या सर्किटला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. नाणी पडायला ठेवलेलं भांडं काठोकाठ भरून गेलं होतं आणि वरून येणारी नाणी अडकून बसली होती. दुरुस्ती काय, तर गल्ला रिकामा करणं.

मला ही गोष्ट आवडते ती त्या गल्ल्यासाठी. आपल्याकडं व्हिडिओ गेमवर बोलायला चार माणसं बसली की आधी डोळे येतात, मग दहावीचा अभ्यास, मग मारामारी, मग व्यसन. गल्ल्याचा विषय निघेपर्यंत चहा संपलेला असतो. माझं म्हणणं असं, की गेम कसा वागतो, कुणाला किती वेळ धरून ठेवतो, कधी सोडतो, हे बरंचसं त्याचा गल्ला कुठं ठेवलाय यावरून ठरतं. बंदुका आणि राक्षस हा वरचा रंग.

सांगलीत आम्ही शाळेत असताना स्टँडच्या बाजूला एक पार्लर होतं. पार्लर म्हणजे पत्र्याची खोली, दाराला मळका पडदा आणि आत चार मशीन. रुपयाला एक कॉइन. तिथं 'मुस्तफा' होता. 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हे त्या गेमचं खरं नाव मला पुढं वीस वर्षांनी कळलं. जपानच्या कॅपकॉमनं १९९३ साली एका अमेरिकन कॉमिकवरून केलेला तो गेम, पण आमच्या लेखी त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्याचं नाव हेच गेमचं नाव. दुसऱ्या गावचा मुलगा भेटला तरी 'मुस्तफा' म्हटलं की ओळख पटायची.

रुपयात किती वेळ मिळणार हे मशीन ठरवायचं. पहिला टप्पा लाडात घ्यायचा, दुसऱ्यात चापट्या आणि तिसऱ्यात सरळ आडवा करायचा. आम्हाला वाटायचं, आपला हात कच्चा आहे. ते खरं होतंच, पण गेम शिकायला सोपा आणि जिंकायला अवघड असावा हे अटारीच्या नोलन बुशनेलचं धंद्याचं सूत्र होतं. शिवाय त्या काळच्या बऱ्याच मशीनच्या आतल्या बोर्डावर बारीक खटक्यांची एक रांग असायची. मालकानं एखादा खटका इकडचा तिकडं केला की जीव कमी मिळायचे नाहीतर शत्रू चिवट व्हायचे. कॉइनचा गल्ला तुम्ही लवकर मेलात तर भरतो, म्हणून गेमनं तुम्हाला लवकर मारायचं. यात लपवाछपवी नव्हती. रुपया संपला की गेम संपला, आणि खिशातले तीन रुपये संपले की तुम्ही बाहेर उन्हात.

मग घरी टीव्ही गेम आला. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल, तैवानहून नाहीतर चीनमधून आलेली. सोबत '९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट. दहा लाखाला एक कमी इतके गेम म्हणून आम्ही पहिल्या दिवशी यादी खाली सरकवत बसलो होतो. दहा-बारा गेम फिरून फिरून वेगळ्या नावानं येत होते. दुकानदारानं फसवलं हे कळलं, पण राग आला नाही, कारण त्या दहा-बारांत 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' होते.

'कॉन्ट्रा'त एक युक्ती होती. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. सुरुवातीलाच हे दाबलं की तिनाऐवजी तीस जीव. ही गुरुकिल्ली कुणी कुणाला सांगितली याचा पत्ता लागत नाही. सांगलीच्या पोरांना ती पाठ होती, मिरजेच्याही. तिचा जन्म कोनामी कंपनीतला. काझुहिसा हाशिमोतो हा तिथला प्रोग्रॅमर १९८६ साली 'ग्रेडियस' हा पार्लरचा गेम घरच्या मशीनवर आणत होता. तपासताना त्याला स्वतःलाच तो झेपेना, म्हणून त्यानं आपल्या सोयीसाठी चोरवाट ठेवली आणि ती गेममध्ये तशीच राहिली. पार्लरवाल्या मशीनमध्ये असला दानधर्म परवडला नसता. तीस जीव म्हणजे तितका वेळ रुपया पडायचा नाही. घरच्या कॅसेटचे पैसे मात्र दुकानातच वाजवून घेतलेले. आता पोरगं तीनदा मेलं काय, तीसदा मेलं काय, कंपनीला फरक पडत नव्हता. गल्ला दुकानात गेला आणि गेमला उदार होणं जमलं. मारिओनं राजकन्या सोडवली की गेम संपायचा. संपायचा म्हणजे खरंच संपायचा, कादंबरी संपते तसा. या गोष्टीचं अप्रूप आज वाटतं.

कॉलेजात असताना, २००३-०४च्या सुमाराला, नेट कॅफेचा जमाना होता. आमच्या कॅफेचे मालक अण्णा. बारा कॉम्प्युटर, तासाला वीस रुपये. वरच्या मजल्यावर ईमेल आणि रिझल्ट बघायला येणारी सभ्य मंडळी, आणि खाली तळघरात 'काउंटर स्ट्राइक'. अमेरिका-कॅनडातल्या दोन हौशी पोरांनी 'हाफ-लाइफ' या गेमवर कलम करून १९९९ मध्ये तो केला आणि पुढच्या वर्षी वॉल्व्ह कंपनीनं विकत घेतला. त्यातला एक नियम मला आजही ग्रेट वाटतो. एकदा मेलात की ती फेरी संपेपर्यंत परत जिवंत व्हायचं नाही. मग करायचं काय? आम्ही खुर्चीतून उठून जिवंत असलेल्या गड्याच्या मागं जाऊन उभं राहायचो. मेलेले मावळे जिवंत माणसाला सल्ले देतायत, "डावीकडं बघ, डावीकडं! शिडीवर हाय त्यो!", आणि पलीकडच्या ओळीत बसलेला शत्रूही ते ऐकतोय आणि शिडीवरून खाली उतरतोय. गेम पडद्यावर जेवढा चालायचा त्याहून जास्त खोलीत चालायचा.

शिव्या असायच्या. पण शिवी दिल्यावर तो माणूस चार फुटांवर बसलेला असायचा आणि नंतर त्याच्याच गाडीवरून घरी जायचं असायचं. त्यानं जिभेला आपोआप लगाम बसायचा. आज हेडफोन लावून कुठल्या तरी राज्यातल्या अनोळखी पोराच्या आईबहिणीचा उद्धार करणाऱ्याला गाडीवरून कुणाबरोबर जायचं नसतं.

आता अण्णांचा गल्ला. तासावर पैसे, म्हणजे आम्ही जितके बसू तितका फायदा. या हिशेबानं त्यांनी आम्हाला उठूच द्यायला नको होतं. तसं ते करायचेही. महिन्यातून एखाद्या शनिवारी 'नाइट पॅक' असायचा. दहाला शटर आतून खाली, सकाळी सहाला वर, शंभर रुपयांत रात्रभर. सकाळी त्या तळघरातून बाहेर पडताना आमचे चेहरे बघून दूधवाला सायकल हळू करायचा. तेव्हा जुन्या दिवसांना सोन्याचा मुलामा द्यायची मला इच्छा नाही. शिवाय त्या तळघरात मुली नव्हत्या. मला एकही आठवत नाही, आणि का नव्हत्या हे आम्ही कधी विचारलंही नाही.

तरी त्या गल्ल्याला दोन बंधनं होती. एक म्हणजे खुर्च्या बारा आणि पोरं तीस. तुमच्या मागं कुणीतरी नंबर लावून उभा असायचा आणि त्याच्या श्वासाची ऊब मानेला लागायची. तास झाला की तो तुम्हाला अण्णांपेक्षा जास्त कडकपणे उठवायचा. दुसरं म्हणजे गल्ल्यामागं माणूस बसलेला होता. सहामाहीच्या आदल्या दिवशी माझी आई कॅफेच्या दारापर्यंत येऊन परत गेली. मला ठाऊकच नव्हतं. अण्णा तळघराच्या जिन्यावर येऊन म्हणाले, "आई येऊन गेल्या तुझ्या. काय बोलल्या नाहीत. ऊठ आता." अजून अर्ध्या तासाचे पैसे भरलेले होते. त्यांनी दहा रुपये परत दिले. हिशेबाच्या दृष्टीनं वेडेपणाच, पण संध्याकाळी भाजी मंडईत त्यांना माझ्या आईच्या समोरून जायचं होतं.

पुढं २०११ मध्ये केंद्रानं सायबर कॅफेसाठी नियम केले. येणाऱ्याचं ओळखपत्र बघा, नोंद वर्षभर जपा, आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको, आणि मोकळ्यावर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यांचं तोंड सगळ्यांना दिसेल असं बाहेर करा. पोरं काय बघतात ते चारचौघांना दिसावं हा हेतू. हा नियम निघाला आणि पाच वर्षांत जिओ आलं. पडदा चारचौघांतून निघाला आणि गोधडीत गेला.

एकत्र जमून खेळायची हौस मात्र मरत नाही. आम्ही हॉस्टेलच्या गॅदरिंगला सीपीयू मांडीवर आणि भला थोरला मॉनिटर दोघांच्या मध्ये धरून रिक्षातून आणायचो, एका हबला सगळ्या वायरी जोडायचो आणि पहिले दोन तास एकाचं मशीन दुसऱ्याला का दिसत नाही याच शोधात घालवायचो. स्वीडनमध्ये ड्रीमहॅक नावाची जत्रा १९९४ साली मालुंग गावच्या शाळेच्या कँटीनमध्ये अशाच पोरांनी सुरू केली. ती वाढत वाढत २०१८ च्या डिसेंबरात मुंबईत गोरेगावला येऊन पोचली. आता ई-स्पोर्ट्सचे मोठे सामने भरतात, हजारो पोरं भल्या मोठ्या पडद्यासमोर बसून आरोळ्या ठोकतात. तिथला गल्ला प्रायोजकाचा, क्रिकेटसारखाच. त्यात मला वावगं दिसत नाही. मागं उभं राहून बघायची सोय परत झाली, एवढं तरी.

खरी गोम फुकट गेममध्ये आहे. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला तो एक पैसा न घेता. त्याच्यावर आपण काय काय बोललो! राजकोटला पोलिसांनी खेळणाऱ्या पोरांना अटक केली, पंतप्रधानांनी एका आईच्या तक्रारीवर पबजीचा विनोद केला, २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली ती सीमेवरच्या तणावात चिनी ॲपांच्या यादीतून, मग २०२१ मध्ये नवं नाव घेऊन परत, २०२२ मध्ये पुन्हा बंद, २०२३ मध्ये पुन्हा चालू, अल्पवयीनांना दिवसाला तीन तासांची अट घालून. या सगळ्या धावपळीत प्रश्न एकच राहिला: फुकट आहे तर चालतं कशावर?

फुकट गेमचा गल्ला आत, गेमच्या पोटात असतो. शर्ट, टोपी, बंदुकीचा रंग. आणि पेटी, जिच्यातून काय निघेल ते उघडल्यावरच कळतं. त्या शर्टानं नेम सुधारत नाही, तो फक्त दिसतो, आणि दिसायचं असेल तर रोज यावं लागतं. म्हणून असा गेम संपू शकत नाही. त्याला शेवट लिहिणं म्हणजे दुकानाचं शटर स्वतःच्या हातानं ओढणं. कॉइनच्या मशीनला तुम्ही मरायला हवे होतात, या गेमला तुम्ही उद्या यायला हवे असता. बेल्जियमनं २०१८ मध्ये असल्या पेट्यांना जुगारात धरलं. आपल्याकडं पेटीतून पैसे निघाले तर जुगार, शर्ट निघाला तर करमणूक.

पैशांच्या गेमचा मात्र आपण २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा करून एका आठवड्यात निकाल लावला. लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपतींची सही, तीन दिवसांत तीन टप्पे. रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये म्हटलं होतं. ऑनलाइन पैसे लागणार असतील तर ते कौशल्य आता कामाचं नाही. या कायद्याच्या महिनाभर आधीच आपल्या विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसली होती. ती जाहिरात होती आणि आपण ती बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. पुढं त्यांचं खातं बदललं आणि नवीन खातं मिळालं ते क्रीडा. महाराष्ट्राला विनोदी लेखकांची गरज उरलेली नाही ती अशी. आणि दिवाळीतल्या पाडव्याचं पंचांगातलं एक नाव द्यूतप्रतिपदा आहे. त्या दिवशी जुगार खेळायची शास्त्रानं मुभा दिली, पण वर्षातून एकच दिवस, आणि समोरासमोर बसून.

कायदा लागला त्याचं मला दुःख नाही, घरं बसलेली पाहिली आहेत. पण कायद्याला जो गल्ला दिसला तो सगळ्यात ढळढळीत होता.

पबजीच्या त्या गोंधळात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. पबजीवर बंदी येण्याच्या दोनच आठवडे आधी, १८ ऑगस्ट २०२० ला, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा 'राजी' बाहेर पडला. डोंबाऱ्याच्या खेळातली वाटावी अशी एक पोरगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, आणि तिची कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी गेम झाला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत गेला. एकदा पैसे द्या, काही तासांत गेम संपतो. गल्ला दाराशी. पण तो आधी निघाला निन्टेन्डो स्विचवर, जे आपल्याकडं फार थोड्या घरांत आहे. वर्तमानपत्रांनी त्या पंधरवड्यात रकाने भरले ते बंदीचे. पुण्यात बसून पोरांनी काय बनवलं हे पुण्यातल्या पालकांना कळलंच नाही.

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडं गेलो होतो. ओवाळणी झाली. भाचा तेरा वर्षांचा, त्याला विचारलं, "दिवाळीला कपडे काय घेतले?" त्यानं मोबाइल पुढं केला. पडद्यावर सोनेरी कोट घातलेला एक गडी जागच्या जागी झुलत होता. "हे घेतले." बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "साडेतीनशेला! अंगात घालता येत नाहीत ते!" तो तिला म्हणाला, "घातलेत की." आणि खेळायला बसला.

मी सवयीनं त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो. हात छान होता पोराचा. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. त्यानं दोनदा मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"काय मामा?"

"काही नाही. माझा नंबर कधी?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "नंबर कसला?" तो म्हणाला. "तुझ्या मोबाइलवर घे की."