पड जमिनीवर पहिला हक्क कोणाचा?

१९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची शेतं कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप जवळपास सहा वर्षं चालला. जमीन पड ठेवणं हे तेव्हा कसणाऱ्याच्या हातातलं हत्यार होतं. राबणाऱ्या हातांशिवाय सातबारावरच्या नावाला अर्थ नाही, हे चरीने दाखवून दिलं. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, ते याच लढ्याच्या पार्श्वभूमीवर.

पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून, काही अपवाद वगळता, कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली. त्याच कायद्याचं कलम ६५ मात्र फारसं कुणाच्या लक्षात नसतं. मालकाच्या कसुरीने जमीन सलग दोन वर्षं पड राहिली, तर चौकशी करून तिचं व्यवस्थापन सरकारला हाती घेता येतं. जमीन बाळगायची तर ती पिकवण्याची जबाबदारीही घ्यावी लागते, हा विचार तिथे कायद्यात उतरला.

आज कोकणात चित्र उलटं झालं आहे. एकेका सातबारावर काका, पुतणे, आत्या, चुलत भावंडं अशी नावांची रांग. त्यातले निम्मे मुंबईत. पीकपाहणीत वर्षानुवर्षं ‘पड’. बांध फुटलेले, कुणग्यांत रान माजलेलं. शेजारचा अल्पभूधारक ती शेती करायला तयार असतो, पण मालक देत नाही. दिली तर ‘कूळ लागेल’ ही धास्ती. दिलीच तर तोंडी. मग कसणाऱ्याला ना पीककर्ज मिळतं, ना नुकसानभरपाई. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेला कायदाच आज नव्या कसणाऱ्याची वाट अडवतो आहे.

केरळात ‘कुडुंबश्री’ या राज्य सरकारच्या अभियानातल्या महिला गटांनी पंचायतींच्या मदतीने पड जमिनी खंडाने घेऊन भात-भाजीपाला पिकवला. पण तिथेही कूळवहिवाटीला कायद्याने बंदी असल्याने बरेच करार तोंडीच राहिले. २०१६ साली नीती आयोगाने आदर्श भाडेपट्टा कायद्याचा मसुदा दिला : मालकी मालकाची, कसण्याचा हक्क मुदतीपुरता आणि लेखी. ही दिशा योग्य आहे. मात्र दार सरसकट उघडलं, तर आधी मोठा भांडवलदारच आत शिरेल.

म्हणून पड जमिनीवर पहिला हक्क गावातल्या भूमिहीनांचा, अल्पभूधारकांचा आणि महिला गटांचा असला पाहिजे. करार ग्रामपंचायतीच्या साक्षीने व्हावा. मुदत संपली की जमीन परत मिळेल, ही हमी सरकारने मालकाला द्यावी. आणि मुदतीत कर्ज, विमा, भरपाई कसणाऱ्याच्याच नावे मिळावी. मालकी काढून घ्यायची गरज नाही. पण ‘माझी आहे, म्हणून पड ठेवीन’ हा हक्कही कुणाला असता कामा नये. शेजारी माणूस कसायला जमीन मागत असताना ती पड ठेवणं हा खासगी मामला उरत नाही.