हक्स्ले यांची उमेदवारी

जीवशास्त्रातील व्यासंगामुळे, आणि त्याहूनही अधिक डार्विनच्या सिद्धांताचा कैवार घेऊन धर्माचार्यांशी जाहीरपणे केलेल्या वादांमुळे, ज्यांचे नाव साऱ्या युरोपात गाजत होते, त्या टॉमस हेन्री हक्स्ले यांनी पंचेचाळिशीच्या घरात, प्रयोगशाळा व व्याख्याने यांच्या व्यापाने शरीर थकलेले असताना, लंडन शहरातील मॅरिलबोन विभागातून तेथील शाळा मंडळाच्या सभासदत्वासाठी उमेदवारी करावी, ही घटना किरकोळ वाटत असली तरी शिक्षणाच्या राज्यकारभाराचा विचार करणाऱ्याने तिच्यापाशी थोडे थांबावे, अशा योग्यतेची आहे. या जागेत मान बेताचा होता आणि वेतन तर मुळीच नव्हते. तरीही निवडणुकीच्या सुमारास एका प्रतिष्ठित मासिकात त्यांनी दीर्घ लेख लिहून, या मंडळांना काय करता येईल आणि त्यांनी काय करावे, याचे आपले मत मतदारांपुढे उघड मांडले. त्या लेखाला जाहीरनामा म्हणावे तर तो फार विचारगर्भ आहे, आणि निव्वळ निबंध म्हणावे तर त्यात मते मागणाऱ्या माणसाचा रोखठोकपणा आहे.

१८७० पर्यंत इंग्लंडातील गोरगरिबांच्या शाळा बहुतांशी धर्मपंथांच्या संस्थांच्या हाती होत्या. सरकार त्यांना अनुदान देई, आणि १८६२ पासून तर ते अनुदान निरीक्षकाने घेतलेल्या परीक्षेत किती मुले उतरली याच्या हिशेबावर ठरू लागले होते. १८७० मध्ये फॉर्स्टर यांनी मांडलेला प्राथमिक शिक्षणाचा कायदा मंजूर झाला आणि जेथे शाळा अपुऱ्या असतील तेथे करदात्यांनी मंडळ निवडावे, त्या मंडळाने स्थानिक करातून शाळा बांधाव्यात व चालवाव्यात, अशी तरतूद झाली. लंडनच्या मंडळात दहा विभागांतून ४९ सभासद निवडावयाचे होते. २९ नोव्हेंबर १८७० रोजी मतदान झाले. जुने सिटी क्षेत्र वगळता ते गुप्त पद्धतीने झाले, आणि हे पार्लमेंटच्या निवडणुकीत गुप्त मतदान येण्यापूर्वी दोन वर्षे घडले. पार्लमेंटसाठी मताचा अधिकार नसलेल्या करदात्या स्त्रियांना येथे मत देता येत होते, इतकेच काय, स्त्रियांना उमेदवार म्हणून उभेही राहता येत होते.

मतदानाची रीत अशी विलक्षण होती की तिचा निकालावर झालेला परिणाम समजल्यावाचून पुढचे काहीच नीट समजत नाही. विभागातून जितके सभासद निवडावयाचे तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत, आणि ती त्याने वेगवेगळ्या उमेदवारांत वाटावी की सारीच्या सारी एकाच्याच पारड्यात टाकावी, हे त्याच्या मर्जीवर होते. मॅरिलबोनमध्ये सात जागा होत्या. तेथे एलिझाबेथ गॅरेट या, पुरुषांच्या वैद्यकीय व्यवसायात मोठ्या चिकाटीने शिरकाव केलेल्या स्त्री-डॉक्टर उभ्या होत्या. गरीब स्त्रियांसाठी त्यांनी त्याच वस्तीत दवाखाना चालविला होता, आणि तेथे येणाऱ्या स्त्रियांच्या कामगार नवऱ्यांनीच त्यांना उभे राहण्याची गळ घातली होती. त्यांना ४७,८५८ मते पडली. दुसऱ्या क्रमांकावर हक्स्ले आले, त्यांची मते १३,४९४ होती. मते म्हणजे मतदार नव्हेत, हे येथे ध्यानात ठेवावे, कारण एकेका माणसाने आपली सातही मते बाईंना दिली असण्याचा पुष्कळ संभव आहे. पण नेमका तोच या पद्धतीचा हेतू होता, की एखाद्या समूहाला एखादी व्यक्ती अगदी मनापासून हवी असेल तर त्या उत्कटतेलाही मोजमापात स्थान मिळावे. ग्रीनिचमधून त्याच वेळी एमिली डेव्हिस निवडून आल्या, ज्यांनी वर्षभरापूर्वीच स्त्रियांचे महाविद्यालय सुरू केले होते.

या पद्धतीची दुसरी बाजू बर्मिंगहॅममध्ये दिसली. पंथनिरपेक्ष शिक्षणाचा झेंडा घेऊन निघालेल्या उदारमतवाद्यांनी तेथे १५ जागांसाठी १५ उमेदवार उभे केले, मते पातळ पसरली, आणि त्यांचे फक्त सहाच निवडून आले. चर्चच्या पक्षाने मोजकीच माणसे उभी करून बहुमत पटकावले. मतदारांनी अभ्यासक्रम वाचून मत दिले असे समजणे भाबडेपणाचे होईल. बहुतेकांनी आपल्या पंथाकडे पाहिले, जसे आपल्याकडचे मतदार जातीकडे पाहतात. तरीही मला महत्त्वाचे वाटते ते हे, की पंथाचा म्हणून निवडून आलेल्या सभासदालाही मंडळाच्या बैठकीत बसल्यावर बाकांची उंची, शिक्षकांचे पगार आणि मुलांना भूगोल केव्हा शिकवावा, यांवर मत द्यावे लागे. दुसरा कोणताही कारभार त्या मंडळाच्या अखत्यारात नव्हताच.

हक्स्ले यांच्या कार्यक्रमाचा क्रम मोठा बोलका आहे. प्रथम शरीर: दाट वस्तीत, कोंदट हवेत वाढणाऱ्या मुलांना कवायत व व्यायाम मिळाला पाहिजे. मग घरकाम व काटकसर, आणि ते मुलींच्या संदर्भात, कारण या बाबतीत हा बंडखोर शास्त्रज्ञही आपल्या काळाच्या चौकटीबाहेर गेला नाही. त्यानंतर आचरणाचे प्राथमिक नियम, आणि अखेरीस वाचन, लेखन, गणित यांच्या जोडीला निसर्गशास्त्राची मूलतत्त्वे, चित्रकला व संगीत. वाचता-लिहिता येणे हे साधन आहे, त्या साधनाने काय करावयाचे याची भूक मुलात निर्माण झाली नाही तर परीक्षा उतरल्याचा आकडा सरकारच्या दप्तरी पडेल, एवढेच होईल, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. या कार्यक्रमात ज्या एका कलमाने त्यांचे मित्र चकित झाले ते बायबलचे होते. ज्या गोष्टी जाणता येत नाहीत त्या जाणतो असे म्हणू नये, या आपल्या भूमिकेला ज्याने वर्षभरापूर्वीच नवे नाव दिले होते, त्याने शाळेत पंथीय उपदेशावाचून बायबल वाचले जावे याला पाठिंबा द्यावा, हे निखळ इहवाद्यांना फितुरीसारखे भासले. हक्स्ले यांचे म्हणणे असे की, इंग्रज प्रजेची भाषा, इतिहास आणि नीतिकल्पना या ग्रंथाशी इतक्या गुंतलेल्या आहेत की तो काढून घेतल्यास गरिबाच्या मुलाच्या हाती त्या तोडीचे दुसरे काहीच उरत नाही. हा युक्तिवाद मला पूर्णपणे पटत नाही, कारण ग्रंथ वाचावा पण त्याचा अर्थ कोणत्याही पंथाचा नसावा, ही अट वर्गातल्या शिक्षकाने कशी पाळावी हे कोणत्याही कायद्याला सांगता आलेले नाही. पण उमेदवाराने आपल्याच गोटाला न रुचणारे मत निवडणुकीच्या हंगामात छापून टाकावे, ही गोष्ट आजच्या काळी तर नवलाची वाटेल.

मंडळात अभ्यासयोजना ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि गल्लीतल्या मुलाला विद्यापीठापर्यंत चढता येईल अशी शिडी असली पाहिजे ही कल्पना त्यांनी तेथे आग्रहाने मांडली. प्रकृती ढासळल्यामुळे १८७२ च्या आरंभी त्यांनी राजीनामा दिला. या मंडळाचे पहिले अध्यक्ष होते लॉर्ड लॉरेन्स, जे नुकतेच हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयपदावरून परतले होते. ज्यांनी येथील कोट्यवधी रयतेवर एकाही मतपत्रिकेवाचून राज्य केले, ते मायदेशी मोचीच्या आणि धोब्याच्या मतांनी बनलेल्या मंडळाच्या खुर्चीवर बसले, यावर त्या वेळी कोणी विनोद केला असल्यास तो माझ्या वाचनात नाही.

लंडनच्या त्या निवडणुकीनंतर बारा वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्याहून जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. विषयांची त्यांची मागणी हक्स्ले यांच्या यादीशेजारी ठेवून वाचावी: मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाचे प्राथमिक ज्ञान, शेतकीची मूलतत्त्वे, नीती आणि आरोग्य. शिक्षक शेतकरीवर्गातून यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचे वाकस हाती धरण्यात त्यांना कमीपणा वाटू नये, असे त्यांनी लिहिले. मात्र निधीच्या व्यवस्थेबद्दल त्यांचे मत हक्स्ले यांच्या आशावादापासून फार दूर होते. स्थानिक मंडळांत पाटील, इनामदार, सरदार असले अशिक्षित लोक भरलेले आहेत, त्यांच्या हाती हा पैसा सोपवू नये, तो सर्वसाधारणपणे शिक्षणखात्याच्या संचालकाकडे असावा. सुशिक्षित, समंजस माणसे नेमली गेली तरच, आणि तीही कलेक्टर वा संचालकाच्या देखरेखीखाली, मंडळांवर भिस्त ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद राहिलेल्या माणसाचे हे मत आहे. फुले लोकशाहीविरोधी होते असा अर्थ यातून काढणाऱ्याने एवढेच पाहावे की, त्या मंडळांत ज्यांची मुले शाळेबाहेर होती त्यांना आवाजच नव्हता. मत नसलेल्याच्या दृष्टीने मंडळापेक्षा दूरचा अधिकारी बरा, हा त्यांचा व्यवहारी हिशेब होता.

पुढे आपल्याकडे मंडळे आली, पण ती मतपेटीच्या मागच्या दाराने आली. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा व नगरपालिका यांच्या शाळा मंडळांकडे प्राथमिक शाळांचा कारभार गेला. सभासद निवडले ते लोकल बोर्डाच्या व नगरपालिकेच्या सभासदांनी, करदात्या रयतेने नव्हे. त्यामुळे शाळा मंडळाच्या जागेसाठी कोणाला गावापुढे उभे राहून शिक्षणाविषयी बोलावेच लागले नाही. जे बोलणे झाले ते मास्तरांच्या नेमणुका व बदल्या यांविषयी झाले, आणि तेही चेअरमनच्या ओसरीवर. शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हार्टोग समितीने १९२९ मध्ये या हस्तांतरणावर नापसंती नोंदविली. १९३८ च्या दुरुस्तीने सरकारने नेमलेल्या प्रशासकीय अधिकाऱ्याचे हात बळकट केले. १९४७ च्या कायद्याने तीच चाकोरी पुढे नेली. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये अस्तित्वात आल्यावर ग्रामीण शाळा शिक्षण समितीकडे गेल्या, आणि अलीकडे महापालिकांची शिक्षण मंडळेही मोडीत निघाली. त्यांच्यासाठी शोक करणारे फारसे कोणी भेटत नाहीत.

इंग्लंडातील मंडळेही टिकली नाहीत. ती फार महत्त्वाकांक्षी झाली होती: करातून उच्च वर्ग चालवू लागली, न्यायालयाने तो खर्च बेकायदा ठरविला, आणि १९०२ च्या कायद्याने सुमारे अडीच हजार मंडळे बरखास्त होऊन काम कौंटी व नगर कौन्सिलांकडे गेले, लंडनचे मंडळ १९०४ मध्ये संपले. त्याआधी १८८८ मध्ये टॉवर हॅम्लेट्समधून अ‍ॅनी बेझंट निवडून आल्या होत्या आणि उपाशी मुलांच्या जेवणाचा प्रश्न त्यांनी मंडळापुढे आणला होता. पाच वर्षांनी त्या हिंदुस्थानात आल्या तेव्हा येथल्या लोकांना त्यांचे थिऑसफीचे रूप दिसले, शाळा मंडळातले दिसले नाही.

आज आपल्या प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार, शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. फुल्यांच्या काळी ज्यांना आवाज नव्हता ते आता कायद्याने बहुमतात आहेत, आणि शासकीय शाळांत शाळेच्या विकासाचा आराखडा करणे हे त्यांचेच काम ठरविले आहे. प्रत्यक्षात तो पुष्कळ ठिकाणी मुख्याध्यापक लिहितात आणि समिती सही करते, कारण पालकसभेत नावे पुकारली जातात, हात वर होतात, आणि ज्याचे नाव पुकारले त्याने काही म्हणावे अशी पद्धतच पडलेली नाही. मला येथे एकच फेरफार सुचवावासा वाटतो: सभासद होऊ इच्छिणाऱ्या पालकाने निवडीआधी आठवडाभर, शाळेच्या सूचनाफलकावर अर्ध्या पानात, आराखड्यात आपण काय घालणार ते लावावे, लिहिता येत नसेल त्याने ते सभेत तोंडी सांगावे आणि शिक्षकाने ते त्याच्याच शब्दांत उतरवून फलकावर लावावे.