देवतलाव आणि दारचा रांजण

मेडशीच्या बाजूच्या विश्वासणाऱ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो, तो असा की, ज्यांनी तीर्थयात्रा सोडल्या त्यांनी चिखलदऱ्यास जाऊन तेथील डोंगर व तलाव पाहावे, हे योग्य की अयोग्य?

चिखलदरा सातपुड्यात सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. जवळच गाविलगड असून त्याच्या तटाच्या आत देवतलाव, मच्छीतलाव अशी तळी आहेत. भीमाने कीचकास मारून हात धुतले तेच भीमकुंड, असे तेथील लोक सांगतात. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज फौजेने गड घेतला. किल्लेदार गेले, फौजाही गेल्या, पाऊस मात्र तळ्यांवर पडतच आहे.

या पाण्यात पुण्य आहे काय? नाही. नामानाचे कोड यार्देनेच्या पाण्याने गेले असते, तर त्या तीरावर एकही कोडी उरला नसता. मग ते पाहण्यात पाप आहे काय? तेही नाही. जो भिऊन डोळे मिटून घेतो, तो त्या पाण्यात अजून काही शक्ती आहे असेच मानतो.

परंतु मला याहून कठीण वाटतो तो प्रश्न निराळाच आहे. मेडशीहून निघालेला मनुष्य पातूरकडे घाट उतरतो, अकोला मागे टाकतो व पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा ओलांडतो. तेथे जमिनीतील क्षारांमुळे कित्येक गावांच्या विहिरी खाऱ्या आहेत. त्या विहिरींवरून पुढे जाऊन वरच्या तळ्याकाठी स्तुतिगीत गाणे सोपे आहे. पण त्या गीतात खालची तहान कोठे बसते?

आमच्या वाडवडिलांपैकी पुष्कळांना पाणी दुरून पाहण्याचीच मुभा होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते काही त्या पाण्याची गोडी फार म्हणून नव्हे. ज्यांच्या घरी ही आठवण आहे, त्यांनीच मंडळीत नव्या आलेल्या कुटुंबाविषयी, “ते निराळ्या जातीतून आलेले, त्यांची घागर वेगळी असू द्या,” असे म्हणावे काय? हे शब्द मी आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकले आहेत, म्हणून लिहितो.

यास्तव कोणी चिखलदऱ्यास जाऊ लागला, तर उपदेशकाने त्यास अडवू नये. परतल्यावर त्याच्या दारच्या रांजणात कोणकोण पेला बुडवू शकतो, एवढे मात्र पाहावे. आणि तेही भर उन्हाळ्यात, कारण पावसाळ्यात सर्वच उदार असतात.