गोळीने आलेला संयम
ब्युप्रेनॉर्फिनने व्यसनी कैद्याची अफू-हेरॉइनची तलफ शमली, तर तो संयम त्याचा की गोळीचा? जिंतूर तालुक्यात, पूर्णेच्या धरणाकाठी वसलेल्या येलदरीच्या परिसरात तुळशीची माळ घालून दारू सोडण्याची रीत जुनी आहे. तिथे मोल निश्चयाला. पण माळकऱ्यालाही दिंडीचा आणि गावाच्या नजरेचा आधार लागतोच. मग गोळीचाच आधार हलका का ठरावा? ओढ आवरली की विचाराला जागा मिळते.

खरी अडचण संमतीची. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 39 नुसार काही व्यसनाधीन दोषींना, त्यांच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचारांसाठी बंधपत्रावर सोडता येते. समोर कोठडी असताना दिलेला होकार पुरता मोकळा नसतो. मात्र नकार शक्य असल्याने तो पोकळही नसतो. उपचारांचा निकाल एका वर्षाच्या आत न्यायालयाला कळवावा लागतो.