सुखाची वाटणी

ठाण्याहून भिवंडीकडे निघाले की खाडीपूल ओलांडताच कशेळी लागते. खाडीकाठचे हे गाव आज गोदामांच्या गराड्यात आहे. पाळी संपवून माणसे घरी परततात. मोबाईलवर कव्वाली लागते, मुले पालथ्या पातेल्यावर ठेका धरतात, आत तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जातात. घर आनंदात आहे, असे आम्ही म्हणतो.

पण हा आनंद सगळ्यांचा आहे काय? भाकरी थापणारीला ठेका ऐकू येतो; बसून ऐकण्याची सवड तिला नसते.

घरात संगीत असावे की नसावे, यावर आमच्यात तावातावाने वाद होतात. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या, पैगंबरांनी त्यांना गाऊ दिले, ही हदीस वादात हटकून येते. पैगंबर घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ झाली की निघत, हेही त्याच आयेशांनी सांगितले आहे. ती हदीस मात्र क्वचितच कानी पडते.

पूर्वी बाया जात्यावर ओव्या गात. गाणे राबणाऱ्या हातांचेच होते. जाते गेले, गाणे यंत्रातून येऊ लागले. ऐकणाऱ्यांना फुरसत मिळाली, बाईची चूल सुटली नाही.

गाणे हलाल की हराम, ते आलिमांनी सांगावे. एकीने राबावे आणि बाकीच्यांनी रमावे, हे न्यायाचे आहे काय, याचे उत्तर मात्र आम्हांलाच द्यायचे आहे. मुले ठेका ऐकून शिकतात. घरातली ही वाटणीही ती पाहूनच शिकतात.