आठ सेकंदांचा स्वर

मेलोट्रॉनची पट्टी दाबली की आतली चुंबकीय फीत सरकू लागते. तिच्यावर एकच स्वर मुद्रित केलेला असतो, कुणीतरी खऱ्या व्हायोलिनवर किंवा बासरीवर वाजवलेला. पट्टी कितीही वेळ दाबून धरली तरी साधारण आठ सेकंदांत फीत संपते. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे ओढून घेते. १९६०च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये तयार होऊ लागलेलं हे वाद्य बोटांखाली अख्खा वाद्यवृंद आणून ठेवणार होतं. पण त्याचा आवाज हेलकावतो, भिंतीपलीकडे वाद्यवृंद वाजत असावा तसा दुरून येतो.

किंग क्रिमझन या बँडचा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’ हा अल्बम १० ऑक्टोबर १९६९ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. प्रोग्रेसिव्ह रॉकची सुरुवात अनेक जण इथून मोजतात. मेलोट्रॉन त्याआधी बीटल्सनी आणि मूडी ब्लूजनी वापरला होता. तरी या अल्बमचा विचार करताना मला पहिल्यांदा ती फीतच आठवते, कारण मर्यादेतून भव्यता कशी घडते ते इथं ऐकू येतं.

त्यातलं ‘एपिटाफ’ हे गाणं ऐकावं. पीट सिनफील्डच्या शब्दांत अणुयुद्धाच्या सावलीत वाढलेल्या पिढीची धास्ती आहे. मेलोट्रॉन वाजवणाऱ्या इयन मॅकडॉनल्डला कोणताही स्वर हवा तितका लांबवता येत नाही. फीत संपण्याआधी पुढच्या स्वरावर जावंच लागतं. म्हणून ते संगीत लाटांसारखं येतं, प्रत्येक लाट ओसरणार हे आधीच ठाऊक असलेलं.

अल्बमची सुरुवात मात्र आघाताने होते. ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’मध्ये ग्रेग लेकचा आवाज मुद्दाम फाटका केलेला आहे आणि शब्दांत व्हिएतनाम युद्धाचा संताप आहे. मधल्या भागात रॉबर्ट फ्रिपची गिटार, सॅक्सोफोन, बास आणि मायकल जाइल्सचे ड्रम एकत्र धावतात, एकदम थबकतात, पुन्हा एकदम उसळतात. मैफलीत सगळे समेवर आले की जी दाद आपसूक जाते, ती इथं त्या थबकण्याला द्यावीशी वाटते. आणि लगेच पुढच्या गाण्यात बासरी सुरू होते, इतकी शांत की आधीचा कल्लोळ कानात अजून घुमत असल्याचं तेव्हाच जाणवतं.

ही मुलं बहुतेक विशी-पंचविशीतली होती. ५ जुलै १९६९ला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी त्यांनी लाखोंच्या गर्दीसमोर वाजवलं होतं. आधी ठरलेल्या निर्मात्याबरोबरचं काम सोडून त्यांनी लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत निर्मिती स्वतःच्या हाती घेतली. मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा चेहरा बॅरी गॉडबर या संगणक प्रोग्रॅमरने रंगवला. फेब्रुवारी १९७०मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो गेला.

या अल्बमचा वारसा पाहताना मला घराण्यांची आठवण होते. काही शिष्य गुरूची हरकत उचलतात, काही त्याचा धीर उचलतात. पुढच्या काही वर्षांत रॉकमध्ये लांबलचक रचना, पल्लेदार सुरावटी, दंतकथांतले राजे यांची रेलचेल झाली. त्यात अस्सल काम पुष्कळ झालं, पण केवळ झगमगाटही कमी नव्हता. धीर उचलणारे वेगळ्या दिशांना गेले. वजनदार, विषम तालांचं संगीत करणाऱ्या टूलबरोबर २००१मध्ये किंग क्रिमझनने एकत्र दौरा केला. २०१०मध्ये कान्ये वेस्टच्या ‘पॉवर’मध्ये ‘स्किझॉइड मॅन’चा तुकडा हिप-हॉपच्या ठेक्यावर बसला.

सर्वांत कठोर शिष्य ठरला स्वतः फ्रिप. १९६९ संपण्याआधीच मॅकडॉनल्ड आणि जाइल्स यांनी बँड सोडायचं ठरवलं. पुढच्या वर्षी लेकही बाहेर पडला. जमलेला साचा पुन्हा वापरणं सोपं होतं. पण १९७३च्या ‘लार्क्स टंग्ज इन आस्पिक’ या अल्बमपर्यंत फ्रिप नवे साथीदार घेऊन व्हायोलिन आणि तालवाद्यांच्या कोरड्या, टोकदार आवाजाकडे वळलेला होता. पहिल्या अल्बमशी इमान राखायचं तर त्याच्यासारखं वाजवायचं नाही, हे त्याला उमगलं होतं असं मी मानतो.

पहिल्या अल्बमच्या शेवटी येणाऱ्या शीर्षकगीतात मेलोट्रॉनचे सूर दरबारासारखे उभे राहतात. गाणं संपलंसं वाटतं. मग जत्रेतल्या पिपाणीसारखी तीच सुरावट हळूच डोकावते, सगळा ताफा परततो आणि उंचीवर असतानाच आवाज तुटतो. फीत संपावी तसा. पुढचा स्वर ज्याचा त्याने शोधायचा असतो.